समोरच्याच्या डोळ्यांतला उजेड : मोटारीच्या हेडलाइटची गोष्ट

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात हे गॅरेज कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. पण ज्या वस्तू आपण रोज वापरतो आणि ज्यांच्यावरून रोज कुरकुर करतो, त्यांचा इतिहास आपण फारसा पाहत नाही. रात्री हायवेवरून घरी येणारा प्रत्येक माणूस हल्ली दोन वाक्यं बोलतो. पहिलं, "माझ्या गाडीचा उजेडच पडत नाही." दुसरं, "समोरचे लोक काय दिवे लावतात हो, काही दिसत नाही!" गंमत अशी, की ही दोन्ही वाक्यं एकच माणूस एकाच प्रवासात बोलतो. ही दोन वाक्यं एकमेकांत कशी गुंतली, ते आज पाहायचं आहे.

सुरुवात घरच्या प्रसंगानं करतो. नव्वदच्या दशकात आमच्या घरी एक जुनी गाडी होती. काकांना रात्रीचं नीट दिसेना, म्हणून त्यांनी दुकानातून जास्त वॉटचे बल्ब आणून टाकले. दुकानदार म्हणाला, "साठ-पंचावन्नच्या जागी शंभर-नव्वद टाका, दिवस उगवल्यासारखं वाटेल." आणि खरंच तसं वाटलं! आठवड्याभरानं आम्ही सगळे महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरत होतो. एका वळणावर समोरून टेम्पो आला. काकांनी डिप्पर दिला होता, तरी तो टेम्पो भेलकांडत कठड्याकडे गेला आणि अगदी टेकून थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, डोळ्यांवर हात धरून. तो फक्त एवढंच म्हणाला, "साहेब, मला कठडा दिसलाच नाही." पुढे पोलादपूरच्या अलीकडे गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि डावा दिवा गेला. बॉनेट उघडून पाहिलं, तर बल्बचा होल्डर वितळला होता.

एका रात्रीत दोन गोष्टी घडल्या. एक गाडीच्या बाहेर, एक गाडीच्या आत. दोन्हींचं कारण एकच आणि ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

अगदी पहिल्या मोटारींना घोडागाडीसारखेच तेलाचे कंदील होते. ते रस्ता दाखवण्यासाठी नव्हतेच. गाडी येते आहे, एवढं लोकांना कळावं, इतकंच त्यांचं काम. मग आला कार्बाइडचा दिवा. आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच हे कॅल्शियम कार्बाइड. त्यावर थेंब थेंब पाणी पाडलं की अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो आणि तो पांढऱ्याशुभ्र ज्योतीनं जळतो. वारा-पावसातही टिकतो. १९०४ साली अमेरिकेत कार्ल फिशर आणि जेम्स अ‍ॅलिसन यांनी प्रेस्ट-ओ-लाइट नावानं दाबाखाली भरलेल्या अ‍ॅसिटिलीनच्या टाक्या विकायला सुरुवात केली. हाच फिशर पुढे इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या ट्रॅकच्या संस्थापकांपैकी एक झाला. म्हणजे बघा, गाडीला वेग हवा आणि गाडीला उजेड हवा, या दोन हौशी पहिल्यापासून जोडीनं चालत आल्या आहेत.

विजेचे दिवे गाडीत स्थिरावले ते बॅटरी आणि जनरेटर गाडीतच बसल्यावर. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेली विजेची स्टार्टर आणि दिव्यांची व्यवस्था आली. १९१३ साली जर्मनीत बॉश कंपनीनं जनरेटर, रेग्युलेटर आणि हेडलाइट असा पूर्ण संच बाजारात आणला. आता उजेड भरपूर झाला. आणि लगेचच पहिली तक्रार आली : समोरच्याचे डोळे दिपतात.

इथं थोडं थांबू या, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे. हेडलाइटच्या इतिहासात उजेड वाढवण्याचा प्रश्न दर वेळी तुलनेनं लवकर सुटला. तो उजेड आवरायचा कसा, याला दर वेळी जास्त वर्षं लागली. तेव्हाच्या लोकांनी काय काय करून पाहिलं! काच खरखरीत केली. दिवा दोरीनं खाली झुकेल अशी सोय केली. समोरून गाडी आली की विजेचा प्रवाह कमी करून दिवा मंद केला. शेवटी १९२४-२५च्या सुमारास युरोपात एकाच बल्बमध्ये दोन तारा, म्हणजे दोन फिलामेंट, घालण्याची युक्ती रुळली. एक लांबच्या उजेडासाठी, एक खाली झुकलेल्या उजेडासाठी. तेच आपलं अप्पर आणि डिप्पर. जुन्या जीपमध्ये डाव्या पायाशी दाबायचं बटण असायचं ते याचसाठी. आपल्याकडच्या ट्रकांच्या मागे अजूनही रंगवलेलं असतं, 'यूज डिप्पर अ‍ॅट नाइट'. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या शोधाचा हा आपल्या रस्त्यांवरचा शिलालेखच म्हणा ना!

यानंतर जगात दोन वाटा झाल्या. अमेरिकेनं १९४० पासून ठरवलं, की सगळ्या गाड्यांना सात इंची गोल, पूर्ण बंद दिवे, म्हणजे सील्ड बीम. तार, आरसा आणि काच एकाच तुकड्यात. तार तुटली की अख्खा दिवा फेकायचा, नवा बसवायचा. यात मालकाला आत हात घालायला वावच नव्हता. ही सक्ती १९८३ पर्यंत टिकली. बदलता येणारा बल्ब असलेली तिथली पहिली गाडी म्हणजे १९८४ सालचं लिंकन मार्क सेव्हन हे मॉडेल. युरोपनं दुसरी वाट धरली. दिवा कायमचा, बल्ब बदलायचा. शिवाय डिप्परच्या उजेडाला वरून एक स्पष्ट रेघ हवी, त्या रेघेच्या वर अंधार. फ्रान्सनं तर याच्याही पुढे जाऊन १९३७ पासून पिवळे हेडलाइट सक्तीचे केले. ती सक्ती थेट १९९३ साली उठली.

भारतात आपण युरोपची वाट धरली. बल्ब काढता येतो, घालता येतो. ही मोठी सोय झाली. पण "मोठा बल्ब टाकून द्या" हे वाक्य जन्माला आलं तेही या सोयीच्याच पोटी.

आता हॅलोजनकडे येऊ. साध्या बल्बची अडचण अशी, की टंगस्टनची तार तापली की तिचे कण उडतात आणि काचेवर जाऊन बसतात. जुना बल्ब आतून काळवंडलेला आपण पाहिलेला आहे. तार झिजते, काच काळी पडते, उजेड उतरतो. तार जास्त तापवली तर उजेड वाढतो, पण ती लवकर तुटते. हा पेच सुटला अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये. एल्मर फ्रिडरिक आणि एमेट वायली यांना १९५९ साली पेटंट मिळालं. त्यांनी बल्बमध्ये थोडं आयोडीन घातलं. आयोडीन, ब्रोमीन हे हॅलोजन गटातले पदार्थ. उडालेल्या टंगस्टनला ते पकडतात आणि तारेच्या उष्णतेपाशी पुन्हा सोडून देतात. काच स्वच्छ राहते. मात्र हे चक्र चालायला काचेची भिंत साधारण अडीचशे अंशांच्या वर तापलेली हवी. म्हणून बल्ब लहान आणि काच क्वार्ट्झची. मेकॅनिक सांगतो ना, की हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका? त्याचं कारण हेच. बोटाचा तेलकटपणा त्या तापमानाला काचेवर भाजला जातो आणि तिथून काच तडकते.

१९६२ साली युरोपात मोटारीसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब आला, एच-१. त्यात एकच तार होती. आणि १९७१ साली आला दोन तारांचा एच-४. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांमध्ये आजही हाच बल्ब आहे. साठ वॉट अप्पर, पंचावन्न वॉट डिप्पर. उजेड मोजायचं एकक ल्युमेन. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे एच-४चा उजेड अप्परला १६५० आणि डिप्परला १००० ल्युमेन धरलेला आहे, थोडं इकडेतिकडे.

पण आम्हाला या बल्बमधली सगळ्यात सुंदर वाटणारी वस्तू तार नाहीच. डिप्परच्या तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. हातात जुना एच-४ असेल तर पाहा. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे डिप्परचा उजेड आरशाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परावर्तित होऊन खाली, रस्त्यावर येतो. वाटीची एक कड पंधरा अंशांनी कललेली असते. म्हणून आपल्याकडे उजेडाची रेघ डाव्या बाजूला थोडी वर चढते. डावीकडच्या कडेनं चालणारा माणूस, सायकलवाला, पाटी दिसावी, आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत. चिमुकल्या पत्र्याच्या तुकड्यात रस्त्यावरची अख्खी शिस्त बसवलेली आहे!

आता यावरून एक आपल्याकडची गोष्ट. १९६५ आणि १९७१च्या युद्धांत ब्लॅकआउट असायचा. तेव्हा हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग फासला जायचा. वरून विमानाला उजेड दिसू नये हा हेतू. युद्धं संपली, पण काळी पट्टी, नाही तर काळा ठिपका, पुढेही कितीतरी वर्षं गाड्यांवर राहिला. आता हेतू सांगितला जायचा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत हा. वरचा भाग झाकला की वर जाणारा उजेड थांबेल, असं सरळ वाटतं. पण आत्ताच आपण काय पाहिलं? वाटी असलेल्या बल्बमध्ये डिप्परचा उजेड आरशाच्या वरच्याच भागातून येतो. म्हणजे वरची अर्धी काच रंगवून आपण नेमका डिप्परच मारत होतो. अप्पर मात्र खालच्या अर्ध्यातून चालूच राहायचा. मग ज्याला डिप्परवर काही दिसत नाही, तो बिचारा काय करणार? तो अप्पर लावणार. हेतू चांगला होता, पण उजेड कुठून निघून कुठे जातो हे कुणी पाहिलं नाही.

हीच चूक दुसऱ्या रूपात काकांनी केली आणि आपणही करतो. आधी गाडीच्या आत काय झालं ते पाहू.

पंचावन्न वॉटची तार बारा व्होल्टला साधारण साडेचार अँपिअर घेते. नव्वद वॉटची साडेसात घेते. तार तापते ती विजेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. हिशेब केला तर त्याच वायरीत, त्याच होल्डरमध्ये, त्याच स्विचमध्ये सुमारे पावणेतीन पट उष्णता तयार होते. होल्डर वितळला यात नवल नव्हतं. न वितळता तर नवल! असे बल्ब मुळात रॅलीसाठी, आडरानात गाडी चालवणाऱ्यांसाठी होते, आणि कितीतरी खोक्यांवर तसं छापलेलंही असायचं. खोकं मात्र दुकानातच राहायचं.

दुसरी गंमत अशी, की काकांना मुळात नवा बल्ब हवा तरी होता का? बल्बचा उजेड १३.२ व्होल्टला मोजतात. जुन्या गाडीत वीज बॅटरीतून स्विचकडे, तिथून डिप्परच्या दांडीकडे, मग बल्बकडे जाते. गंजलेले जोड, बारीक वायर, सैल अर्थिंग, यात एक-सव्वा व्होल्ट सहज हरवतो. आणि उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी, तर उजेड तीस टक्क्यांनी कमी. हजार ल्युमेनचे सातशे झाले. काकांची तक्रार शंभर टक्के खरी होती. त्यांचा उजेड वायरीत हरवला होता, आणि ते तो दुकानात शोधत होते. बॅटरीपासून थेट जाड वायर आणि मध्ये रिले बसवला असता, तर त्याच साठ-पंचावन्नच्या बल्बनं त्यांना हरवलेला उजेड परत दिला असता. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असे रिलेचे तयार वायरिंग सेट मिळतात. पण "वायर बदलली" यात "बल्ब टाकला" याची मजा नाही, हे आम्हालाही मान्य आहे.

निळसर 'सुपर व्हाइट' बल्बांचंही तसंच. काचेवरचा निळा थर पिवळा उजेड गाळून टाकतो. डोळ्याला पांढरं, आधुनिक वाटतं. पण गाळून टाकलेला उजेड रस्त्यावर पडत नाही.

आता गाडीच्या बाहेर, त्या टेम्पोवाल्याकडे येऊ. काकांनी डिप्पर दिला होता, मग तो का दिपला? कारण वाटी आणि आरसा जो उजेड अडवतात तोही पूर्ण अडवत नाहीत. काचेवर धूळ असते, आरसा जुना असतो, थोडा उजेड रेघेच्या वर सांडतोच. मूळ उजेड दीडपट केला की सांडणाराही दीडपट होतो. त्यात गाडीत मागे आम्ही चौघं आणि सामान. डिप्परची रेघ साधारणपणे एक टक्का खाली ठेवतात, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर. गाडीच्या दोन चाकांतलं अंतर अडीच मीटर धरा. मागची बाजू फक्त अडीच सेंटिमीटर दबली, की तो एक टक्का संपला. डिप्परचा अप्पर झाला! आणि डोळे दिपल्यावर तीन सेकंद जरी अंधारी आली, तर ताशी ऐंशीच्या वेगानं गाडी तेवढ्यात सदुसष्ट मीटर पुढे गेलेली असते. घाटात कठडा त्याच्या आतच असतो.

हॅलोजननंतर काय झालं, ते थोडक्यात. १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजमध्ये झेनॉन दिवे आले. तारच नाही, वायूमधून विजेची ठिणगी. पस्तीस वॉटमध्ये सुमारे ३२०० ल्युमेन. नियम करणाऱ्यांनी इथं जुन्या अनुभवावरून शहाणपण दाखवलं. युरोपातल्या नियमांनी सांगितलं, की डिप्परसाठी २००० ल्युमेनच्या वरचा दिवा बसवायचा, तर गाडी दबली की दिवा आपोआप खाली झुकला पाहिजे, आणि काच धुण्याची सोय पाहिजे. उजेड वाढवा, पण आवरण्याची व्यवस्था बरोबर आणा. मग बाजारात आले झेनॉनचे किट. त्यात बल्ब होता, बाकीचं काहीच नव्हतं. एच-४च्या जागी तो बसायचा, एवढीच त्याची पात्रता.

एलईडीची कथा वेगळी नाही. २००६-०७ पासून मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांत एलईडी हेडलाइट आले, तेव्हा आरसा, भिंग, सगळं एलईडीसाठी नव्यानं आखलेलं होतं. बाजारातला एलईडी बल्ब मात्र हॅलोजनच्या आरशात बसतो. हॅलोजनची तार बारीक आणि गोल, चहूकडे उजेड टाकणारी. एलईडीच्या पट्ट्या चपट्या, दोन बाजूंना उजेड टाकणाऱ्या. तारेची जागा अर्ध्या-एक मिलिमीटरनं चुकली तरी रेघ बिघडते. म्हणून आपल्याला घराच्या भिंतीवर तो उजेड झगझगीत दिसतो, आणि रस्त्यावर मात्र जवळ खूप, लांब थोडा, आणि बाकीचा समोरच्याच्या तोंडावर. जर्मनीनं २०२० मध्ये असे बदली एलईडी बल्ब प्रथमच कायदेशीर केले. पण कसे? ठराविक बल्ब, ठराविक गाडीच्या ठराविक हेडलाइटमध्ये, तपासून. बल्बला एकट्याला परवानगी नाही, जोडीला आहे.

आपल्याकडेही नियम नाही असं नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिवा कसा झुकलेला असावा हे सांगितलं आहे. गाडीसमोर आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. आम्हाला या नियमाचं एक कौतुक वाटतं. त्यात वॉटचा विचार नाही, ब्रँडचा नाही. त्यात एक माणूस उभा केला आहे, त्याची उंची आणि त्याची जागा सांगून, आणि त्याच्या डोळ्यांवरून तुमचा दिवा तपासायला सांगितला आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग आम्ही अंधारातच गाडी चालवायची का? नाही. वय वाढलं की डोळ्याला जास्त उजेड लागतो हे खरं, आणि दिपल्यावर सावरायलाही जास्त वेळ लागतो हेही खरं. म्हणून क्रम उलटा करा. आधी हेडलाइटची पिवळी पडलेली प्लास्टिकची काच पॉलिश करून घ्या. मग इंजिन चालू ठेवून बल्बच्या टोकाशी व्होल्टेज मोजून घ्या. कमी असेल तर वायरिंग आणि रिले. मग सपाट जागी, भिंतीसमोर दिव्याची रेघ लावून घ्या. स्टिअरिंगशेजारी शून्य ते तीन आकड्यांची एक छोटी चकती कितीतरी गाड्यांत असते. मागे माणसं बसली की ती फिरवायची असते, ती शोभेला दिलेली नाही. एवढं केल्यावरही बल्ब बदलायचा असेल, तर त्याच वॉटचा, चांगल्या प्रतीचा हॅलोजन घ्या.

काकांनी पोलादपूरहून परत आल्यावर पुन्हा साठ-पंचावन्न टाकले. दिवाळीला कुणी त्या रात्रीचा विषय काढला की ते होल्डरबद्दल कधीच बोलायचे नाहीत. ते टेम्पोवाल्याबद्दल बोलायचे. "मी त्याला दिसावं म्हणून दिवा लावला होता," ते म्हणायचे, "आणि त्याला माझ्याशिवाय काहीच दिसलं नाही."

इथंच थांबतो. रात्री घरी जाताना समोरून गाडी आली, की हात डिप्परवर जाऊ द्या.